खाडीतला बेडूकमासा ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन तऱ्हेच्या लोकांमुळे वाढत गेलं. मालवण-देवगडहून परतताना मोबाइलमध्ये एखाद्या भयाण तोंडाच्या माशाचा फोटो घेऊन येणारे, दुकानातून "गोड्या पाण्यातला लायनफिश" घरी आणून आता पुढं काय म्हणून विचारणारे, आणि प्राणिशास्त्राचा प्रकल्प गळ्यात पडलेले विद्यार्थी. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही. तिथं प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

1. बेडूकमासा म्हणजे नक्की काय? बेडकाचंच एखादं पिल्लू तर नव्हे?

नाही, तो पक्का मासा आहे, इंग्रजीत टोडफिश. बॅट्रॅकॉइडिडी नावाच्या कुळात जगभरात 80 च्या वर प्रजाती आहेत, त्या सगळ्यांना मिळून हे नाव. बहुतेक सगळे किनाऱ्यालगत, खाडीत, चिखलात, दगडांच्या सांदीत आणि खारफुटीच्या मुळांत राहतात. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये मात्र कायम गोड्या पाण्यात राहणारे बेडूकमासेही आहेत. पोहण्याची त्याला फारशी हौस नाही. तळाशी दबा धरून बसायचं आणि खेकडं, कोळंबी किंवा लहान मासा टप्प्यात आला की एका घासात गिळायचा, एवढाच त्याचा दिनक्रम.

2. कोल्हापुरात समुद्र नाही. मग इथं हा मासा येतोय कुठून?

दोन वाटांनी. एक घाटाची: गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा उतरलं, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरलं की सिंधुदुर्ग. तिथं गड नदीची कालावल खाडी आहे, कर्ली नदीची तारकर्ली-देवबागची खाडी आहे, खाली तेरेखोलची आहे. सगळीकडं कांदळवन, आणि पाग टाकणाऱ्याच्या जाळ्यात हा मासा नको असताना येतो. दुसरी वाट काचेच्या टाकीची, म्हणजे शोभेच्या माशांची दुकानं. कोणत्या वाटेनं आला हे ओळख पटवताना फार कामाला येतं (प्रश्न 7), म्हणून फोटो पाठवताना ते आधी लिहा.

3. पहिल्या नजरेत ओळखायचा कसा? तोंडावरून?

तोंडावरून सुरुवात करा, पण तिथं थांबू नका. खाडीत भयाण तोंडाचे मासे कमी नाहीत.

डोकं रुंद, वरून दाबल्यासारखं चपटं, आणि तिथून मागं शरीर झपाट्यानं निमुळतं होत जातं. डोळे बाजूला नसतात, माथ्यावर असतात आणि वर बघतात. जबडा एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत. खालच्या जबड्याच्या कडेनं, हनुवटीवर आणि पुष्कळदा डोळ्यांवरही कातडीच्या बारीक झालरी लोंबतात. पाण्यात बसलेला असताना ह्या झालरी शेवाळासारख्या हलतात, हातात घेतल्यावर मात्र चिकटून बसतात आणि दिसत नाहीत. म्हणून मासा थाळीत थोड्या पाण्यात ठेवून बघावा.

आता पाठ. पाठीवर दोन पर असतात. पहिला अगदी छोटा, आपल्या भागातल्या प्रजातींत तीन काट्यांचा, आणि हे काटे बऱ्याचदा कातडीत दडलेले असतात; टाचणीनं पुढून मागं हलकेच ओढलं की उभे राहतात. दुसरा पर लांबलचक, मऊ, थेट शेपटीजवळ पोचणारा, त्यात वीसच्या आगेमागे किरणं, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या लवचीक काड्या.

शेवटी मासा उलटा करा. माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण इथं आहे. पोटाचे पर पोटावर नसतात, गळ्याखाली असतात, छातीच्या परांच्याही पुढं. प्रत्येकात एक काटा आणि दोन किंवा तीनच मऊ किरणं. कल्ल्याच्या झाकणावर मागं रोखलेले काटे लागतात. मेलेला मासा असेल तर झाकण उचलून कल्ले मोजा. हाडाच्या माशांना सहसा चार जोड्या असतात, ह्याला तीन. गळ्याखालचे पर, तीन काटे आणि तीन जोड्या कल्ले एकत्र दिसले की कुळाबद्दल वाद उरत नाही.

4. हा दगडमासा तर नाही ना? त्याच्या काट्यानं माणूस मरतो म्हणतात.

शंका रास्त आहे, आणि ती फिटेपर्यंत मासा हातात घेऊ नका. दगडमाशाची एक प्रजाती खाडीच्या तोंडापर्यंत येते, आणि तोही तळाशी तसाच अर्धा गाडून घेऊन बसतो.

फरक पाठीवर बघा. दगडमाशाच्या पाठीवर डोक्यामागून सुरू होणारी डझनभर जाड काट्यांची सलग रांग असते आणि प्रत्येक काट्याच्या बुडाशी विषाची पिशवी असते. बेडूकमाशाला तीनच काटे, आणि ते मऊ परापासून वेगळे. दगडमाशाची कातडी चामखिळांनी भरलेली, तोंड जवळजवळ उभं वर उघडणारं, छातीचे पर अवाढव्य. पोटाचे पर छातीच्या परांखाली, गळ्याखाली नाहीत. हे सगळं लांबून, काठीनं हलवून बघता येतं. काटा आधीच टोचला असेल तर वाचत बसू नका, थेट प्रश्न 11.

5. नेटवर "टोडफिश" शोधलं की फुगणारे मासे दिसतात. तोच का हा?

तो नव्हे. ऑस्ट्रेलियात हे नाव सर्रास केंड माशाला देतात, म्हणून शोधात दोन्हींची खिचडी होते. केंड चिडला की पोट फुगवतो, त्याचे दात जुळून चोचीसारख्या चार पाट्या होतात, आणि त्याला पोटाचे पर मुळीच नसतात. बेडूकमासा फुगत नाही आणि त्याचे दात सुटे, बोथट असतात. ही गल्लत फोटोपुरती राहिली तर हसण्यावारी नेता येईल. ताटापर्यंत गेली तर जिवावर बेतते, प्रश्न 16 बघा.

6. निवटी, शिंगाळा, फ्रॉगफिश... ह्यांच्याशीही गल्लत होते का?

होते. निवटीचेही डोळे माथ्यावर, पण ती चिखलावर उड्या मारत असते, आणि तिचे पोटाचे पर जुळून चोखणीसारखे होतात. शिंगाळ्याला लांब मिशा असतात. बेडूकमाशाच्या झालरी त्यापुढं तोकड्या आणि फांद्या फुटल्यासारख्या. खरा फ्रॉगफिश समुद्रातला, डोक्यावर गळासारखा काटा आणि कोपरात वाकणारे हातासारखे पर. एवढं पुरे.

7. आपल्या बाजूच्या खाड्यांत नेमक्या कोणत्या प्रजाती आहेत?

दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं कोलेटिक्थिस डुसुमिएरी. 1837 मध्ये व्हॅलेन्सिएन यांनी त्याचं वर्णन केलं आणि फ्रेंच संग्राहक डुसुमिए यांच्या नावावरून ते ठेवलं. हा अरबी समुद्राच्या बाजूचा, भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा मासा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाडीत सापडलेल्या बेडूकमाशाबाबत पहिला संशय ह्याच्यावर घ्यावा.

दुसरं अॅलनबॅट्रॅकस ग्रुनिएन्स, गुरगुरणारा बेडूकमासा. लिनियसनं 1758 मध्येच त्याची नोंद केली. भारत-श्रीलंकेपासून बंगालच्या उपसागराकडून पुढं थेट आग्नेय आशियापर्यंत, नदीमुखं आणि खारफुटीच्या गढूळ पाण्यात तो असतो. वाढून साधारण फूटभर होतो. दुकानातल्या टाकीत दिसला तर पहिला संशय ह्याच्यावर, दुसरा बॅट्रॅकोमियस ट्रायस्पिनोसस ह्या आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडच्या नातलगावर. दोन्ही एकाच व्यापारी नावानं विकले जातात.

संशय म्हणतोय, निकाल नाही. ठिकाण हा पुरावा आहे, पण एकटा पुरावा पुरत नाही. 2012 मध्ये कोलेटिक्थिस ह्याच वंशात दोन नव्या प्रजातींची भर पडली, एक अरबी द्वीपकल्प आणि उत्तर अरबी समुद्राकडची आणि दुसरी पश्चिम हिंदी महासागरातली, पिवळसर परांची. त्यामुळं "पश्चिम किनारा म्हणजे डुसुमिएरीच" असं डोळे झाकून लिहायचे दिवस गेले.

8. एवढं सांगताय, मग माझ्या फोटोवरून प्रजाती का सांगत नाही?

कारण बहुतेक फोटो वरून काढलेले असतात, तोंड फाडलेलं, बाजूला चप्पल. त्यात कुळ कळतं. प्रजातीच्या खुणा सगळ्या आडबाजूला असतात. हे फोटो हवेत:

पूर्ण मासा, डावी कड, पर ताणलेले, बाजूला पट्टी किंवा निदान नाणं. मग वरून डोकं, डोळ्यांमधलं अंतर दिसेल असं. मग कल्ल्याच्या झाकणाचा जवळून फोटो, काटे मोजता येतील असा. वरच्या आणि खालच्या हाडावरचे काटे वेगळे मोजतात, म्हणून बोटानं कातडी जरा मागं ओढून धरा.

चौथा फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही आणि नेमका तोच लागतो. छातीचा पर आगपेटीच्या काडीनं पुढं उचला. त्याच्या मागं, शरीराला जोडतो तिथं, एक खळगा आहे. बगलच म्हणा. त्या खळग्याच्या वरच्या कोपऱ्यात छिद्र आहे की नाही, आणि पराच्या आतल्या बाजूला किरणांच्या मध्ये ग्रंथींसारखे फुगीर ठिपके आहेत की नाही, ह्यावर आपल्या भागातले वंश वेगळे काढले जातात. छिद्र टाचणीच्या टोकाएवढंही असू शकतं. चिकट थर पाण्यानं धुऊन, कापसानं टिपून, मग बाजूनं उजेड टाकून बघा. समोरून फ्लॅश मारला की सगळं पांढरं होतं आणि छिद्र गडप.

शेवटी अंगावर खवले आहेत का ते बघा. ह्या कुळात काहींना कातडीत रुतलेले बारीक खवले असतात, काही अगदी उघड्या अंगाचे. बोटाला कळत नाही. शेपटीजवळची कातडी वाळू द्या आणि भिंगातून बघा. अंगावरच्या संवेदी रेषा किती आहेत, म्हणजे बारीक छिद्रांच्या ओळी, त्याही तेव्हाच दिसतात.

9. माझा काळा होता, मित्राचा पट्टेरी. दोन वेगळ्या जाती ना?

रंगावर जाऊ नका. बसल्या जागेप्रमाणे तो गडद-फिका होतो, लहानपणी पट्टे ठळक असतात आणि मोठेपणी विरघळून चट्टे होतात. मेल्यावर आणखी बदलतो, फॉर्मालिनमध्ये तर सगळाच तपकिरी. रंग लिहून ठेवा, ताज्या माशाचा फोटोही ठेवा, पण निर्णय प्रश्न 8 मधल्या खुणांवर.

10. पकडल्यावर तो डुकरासारखा गुरगुरला! हीच खात्रीची खूण ना?

चांगली खूण, पण खात्रीची नव्हे. शिंगाळाही आवाज करतो, छातीच्या काट्याचं बूड खोबणीत घासून. ढोमा आणि घोळ तर आवाजासाठीच प्रसिद्ध, तेही फुग्याच्या जोरावर. बेडूकमाशाचं तंत्र फुग्याचंच आहे. पोटातल्या हवेच्या पिशवीला दोन्ही बाजूंनी स्नायू चिकटलेले असतात, ते थरथरले की पिशवी वाजते. अमेरिकेतल्या एका बेडूकमाशाचे हे स्नायू सेकंदाला 200 च्या आसपास आकुंचन पावतात; कणा असलेल्या प्राण्यांत इतके वेगवान स्नायू क्वचितच सापडतात. तिथलाच कॅलिफोर्नियाचा एक नातलग प्रजननाच्या दिवसांत रात्रभर इतका घुमतो, की सॉसालिटोच्या तरंगत्या घरांतल्या लोकांची झोप उडाली होती.

आवाज मोबाइलवर नोंदवला तर जरूर ठेवा. नर घरटं राखताना बोलावतो तो आवाज वेगळा, हातात धरल्यावर निघते ती निव्वळ तक्रार.

11. काटा टोचला / चावला. आता काय करू?

जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर काढा, खोल असेल तर डॉक्टरकडं सोडा. सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश सेल्सिअसच्या वर न जाता, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हातानं तपासा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

दम लागला, चक्कर आली, सूज कोपराकडं चढू लागली तर गरम पाण्यात वेळ घालवू नका, लगेच रुग्णालय. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर साध्या ओरखड्यालाही हलकं घेऊ नये, कारण खाडीच्या कोमट पाण्यातले व्हिब्रिओ जिवाणू अशा जखमेतून झपाट्यानं पसरतात. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. घट्ट दोरीही बांधू नका.

चावा हा वेगळाच भाग. खेकड्याचं कवच फोडणारा जबडा आहे, बोट सोडत नाही. आणि पाण्याबाहेर हा मासा बराच वेळ तग धरतो, त्यामुळं बादलीत मेलेला समजून हात घालणारेच जास्त चावून घेतात.

12. म्हणजे विषारी आहे की नाही? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात: पोकळ काट्यातून विष टोचणारे बेडूकमासे अमेरिका खंडाकडचे, आपल्याकडच्यांचे काटे भरीव. दुसरं वाक्यही ऐका. भरीव काट्यानं झालेल्या जखमेतही माशाचा चिकट थर आणि चिखल जातोच, आणि ती भरपूर दुखते-सुजते. त्यातून तुम्हाला टोचलेला मासा दगडमासा नव्हता ह्याची खात्री त्या क्षणी कुणालाच नसते. म्हणून उपचार विषारी समजूनच करायचे.

13. दुकानदारानं "फ्रेशवॉटर लायनफिश" म्हणून दिला. हा लायनफिश आहे का, आणि साध्या पाण्यात जगेल का?

दोन्हींचं उत्तर नाही. खरा लायनफिश समुद्रातला, विंचूमाशांच्या कुळातला. तुमच्या टाकीत आहे तो बहुधा ग्रुनिएन्स किंवा त्याचा नातलग (प्रश्न 7). "फ्रेशवॉटर" हे विकण्यापुरतं नाव. नदीमुखाचा मासा असल्यानं गोड्या पाण्यात तो काही आठवडे, कधी महिनेही काढतो, आणि त्यामुळंच दुकानदाराचं खरं वाटतं. मग खाणं सोडतो, अंगावर पांढुरका थर येतो.

त्याला मचूळ पाणी लागतं. घनतामापकावर 1.005 ते 1.010, म्हणजे लिटरला साधारण 8 ते 15 ग्रॅम समुद्री मीठ. मत्स्यालयासाठीचं मीठ घ्या. स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ नको, त्यात समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षार नसतात. क्षारता एका दिवसात वाढवू नका. दर पाणीबदलाला थोडी, आठवडा-दोन आठवड्यांत. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही सवय व्हावी लागते. बारीक वाळू, लपायला आडवं पडलेलं मडकं, मंद उजेड. फूटभर होणारा मासा आहे हे धरून शंभर लिटरच्या खालच्या टाकीचा विचारच नको.

आठवड्यातून दोन-तीनदा कोळंबी किंवा माशाचा तुकडा चिमट्यानं द्या. बोटानं नव्हे. सोबत गप्पी, मॉली ठेवलेत तर एके सकाळी ते नसतील, आणि "चोरीला गेले का" असा प्रश्न मला येईल.

14. सांभाळणं जमत नाही. रंकाळ्यात सोडू का?

नको. गोड्या, त्यातून सांडपाणी मिसळलेल्या तलावात तो हाल होऊन मरेल, आणि मरेपर्यंत तिथले मासे खाईल. टाकीतले रोग आणि परजीवी तलावात जातात ते वेगळंच. "मग मालवणला नेऊन खाडीत सोडतो" हेही नको: दुकानातला मासा कुठल्या देशातून आला, हे तुम्हाला ठाऊक नसतं. दुकानाला परत द्या किंवा मचूळ टाकी असलेल्या एखाद्याला द्या.

15. आमच्या पाहुण्यांना पंचगंगेत सापडलाय, फोटो पाठवतो.

पाठवा, पण तो बेडूकमासा नसणार. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जाते. भरतीचं पाणी इथून शेकडो किलोमीटर लांब. "खाडी घाटाखाली जवळच तर आहे" हा युक्तिवाद नदीला लागू पडत नाही, मधे सह्याद्री आहे. नदीत सापडलेला चपट्या डोक्याचा मासा म्हणजे बहुतेक वेळा मरळीचा एखादा भाऊबंद, नाहीतर टाकीतून सोडलेला सकर. सकरचं तोंड खाली असतं आणि अंगावर हाडाच्या पाट्यांचं चिलखत. बेडूकमाशाच्या तीन खुणा (प्रश्न 3) लावून बघा, मिनिटात निकाल. अपवाद एकच: प्रश्न 14 चं उत्तर न वाचलेल्या कुणीतरी टाकीतला नदीत सोडला असेल तर.

16. खातात का? रस्सा होतो का?

कोल्हापूरकर असल्यानं हा प्रश्न येणारच होता. आग्नेय आशियात काही ठिकाणी खातात. आपल्या किनाऱ्यावर सहसा तो जाळ्यातून परत फेकला जातो: डोकं मोठं, मांस थोडं, चिकटपणा फार. मांस केंडासारखं विषारी नाही. पण ओळख पक्की नसेल तर भांड्यात घालूच नका, कारण केंडाचं टेट्रोडोटॉक्सिन शिजवून जात नाही, तळूनही जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. "डोकं आणि आतडी काढली की झालं" ह्या सल्ल्यावर जीव टांगू नये.

17. मेलेला मासा मिळालाय. प्रकल्पासाठी कसा ठेवू?

क्रम महत्त्वाचा. आधी ताज्या माशाचे फोटो (प्रश्न 8). मग उजव्या बाजूच्या छातीच्या पराचा नखाएवढा तुकडा किंवा थोडं मांस कापून 95 टक्के इथेनॉलमध्ये, वेगळ्या कुपीत. त्यानंतरच मासा 10 टक्के फॉर्मालिनमध्ये. उलट केलं तर फॉर्मालिन डीएनए खराब करतं आणि पुढची तपासणी अवघड होते. डावी बाजू अखंड ठेवा, मोजमापं तिथूनच घेतात. फॉर्मालिनचं काम हातमोजे घालून, प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर. घरच्या स्वयंपाकघरात अजिबात नाही.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका: खाडीचं नाव, गाव, तारीख, जाळ्याचा प्रकार, तळ चिखलाचा की दगडाचा, भरती की ओहोटी. बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी पडते. नमुना पक्का ओळखून घ्यायचा तर शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागापासून सुरुवात करा. पुढं आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आणि रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. जाण्याआधी पत्र लिहा.

हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत नाही, पण कांदळवन संरक्षित आहे. नमुना जिवंत पकडायला आत शिरण्याआधी कांदळवन कक्षाची परवानगी घ्यावी. मासेमाराच्या जाळ्यात आलेला घेणं सगळ्यात सोपं.

18. ओहोटीला दगड उलटला तर खाली मण्यांसारखी अंडी चिकटलेली आणि शेजारी हा बसलेला. अंडी त्याचीच का?

शक्यता दाट आहे. ह्या कुळात मादी मोठाली चिकट अंडी दगडाच्या किंवा शिंपल्याच्या खालच्या बाजूला लावते आणि निघून जाते; नर राखण करतो. फुटल्यावरही पिल्लं बलकाच्या पिशवीनं तिथंच चिकटून राहतात, लगेच पाण्यावर वाहून जात नाहीत. म्हणून दगडाखाली दिसलेलं इवलंसं पिल्लू आईबापासारखंच, मोठ्या डोक्याचं दिसतं. फोटो घ्या आणि दगड होता तसाच, त्याच बाजूनं, हळू ठेवा. उलटा ठेवला तर अंडी उन्हात वाळतात.

19. जुन्या पुस्तकात नाव वेगळं आहे. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. ग्रुनिएन्स आधी कॉटस, मग कितीतरी वर्षं बॅट्रॅकस होता; अॅलनबॅट्रॅकस हा वंश ग्रीनफिल्ड यांनी 1997 मध्ये वेगळा काढला. 1822 मध्ये हॅमिल्टन यांनी गंगेकडून नोंदवलेलं "गँगेने" हे नाव आता ह्याच्यातच धरतात. डुसुमिएरी बराच काळ ऑस्ट्रोबॅट्रॅकस म्हणून छापला जायचा, कोलेटिक्थिस 2006 नंतर. प्रकल्पात आजचं नाव लिहा आणि पुस्तकातलं जुनं नाव शेजारी द्या.

20. माझ्या फोटोतल्या माशाच्या पाठीवर दोनच काटे दिसतात. नवीन प्रजाती का?

आधी टाचणी. तिसरा काटा सहसा सगळ्यात छोटा आणि कातडीत असतो, कधी जाळ्यात मोडलेला. खरोखर दोनच काट्यांचे बेडूकमासे आहेत, पण ते अमेरिकेकडचे: एक विषारी काट्यांचा गट आणि दुसरा पोटाखाली प्रकाशाच्या ठिपक्यांच्या ओळी असलेला. त्यांचा फोटो तुमच्या हाती आलाय, तर तो कालावल खाडीतला नसून कुणीतरी पुढं ढकललेला असेल. मूळ फोटो कुणी, कुठं काढला ते विचारा.

21. डीएनए करून आणला. अहवालात एक नाव, खुणांवरून दुसरं. कुणाचं खरं?

नमुना परत काढा आणि खुणा परत बघा, विशेषतः बगलेतलं छिद्र आणि झाकणावरचे काटे. मग अहवालातलं नाव कुठून आलं ते बघा. तुमच्या माशाच्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा सार्वजनिक संग्रहातल्या तुकड्यांशी ताडून पाहिला जातो, आणि तिथल्या तुकड्यावरचं नाव तो टाकणाऱ्यानं लिहिलेलं असतं. जुन्या वंशनावानं टाकलेले, किंवा नेमका नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवलाय ते न सांगणारे तुकडे तिथं असतात. टक्केवारी किती जुळली एवढ्यावर थांबू नका. जुळलेल्या नोंदीचा नमुना कुठल्या किनाऱ्याचा आहे, त्याचा फोटो आहे का, आणि कुणी ओळखला, हे वाचा.

त्यानंतरही दोन नावं उरली तर अहवालात "कोलेटिक्थिस, प्रजाती अनिश्चित" असं लिहून बाटलीचा क्रमांक द्या. परीक्षक नाराज झाले तर त्यांना बाटली दाखवा.